मुंबईतल्या प्राचार्यांना आणि अधिष्ठात्यांना खुले पत्र: तक्रारीला आवक क्रमांक द्या

प्रति,
मा. प्राचार्य, अधिष्ठाता आणि वसतिगृह अधीक्षक,
मुंबईतील सर्व महाविद्यालये

विषय : रॅगिंगच्या तक्रारी नोंदवून घेण्याबाबत

स.न.वि.वि.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की पहिले तीन महिने दर आठवड्याला आणि त्यानंतर दर महिन्याला तुमच्या कार्यालयातून विद्यापीठाकडे एक अहवाल जायला हवा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम सांगतात. तो जातोही. किती तक्रारी आल्या, काय कारवाई झाली, किती प्रकरणं पोलिसांकडे गेली असे त्यात रकाने असतात आणि वरपासून खालपर्यंत एकच शब्द टंकलेला असतो: निरंक, म्हणजे काही नाही. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. हा अहवाल माझ्याच टेबलावरून जायचा. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून रॅगिंग प्रतिबंध समितीवरही मी बसलो आहे. त्यामुळे त्या निरंकच्या मागे काय काय झाकलेलं असतं, याची मला थोडीफार कल्पना आहे.

माझी मागणी साधी आहे. विद्यार्थी किंवा त्याचे पालक रॅगिंगबद्दल काहीही सांगायला आले, लेखी, तोंडी, फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, तर त्याच दिवशी आवक नोंदवहीत त्याची नोंद व्हावी आणि आवक क्रमांक त्यांच्या हातात पडावा. बोनाफाइडच्या अर्जाला मिळतो, फीमाफीच्या अर्जाला मिळतो, तोच क्रमांक. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी खुलं पत्र? कडक कायदा मागा, जन्मठेप मागा, सीसीटीव्ही मागा. पण कायदा पुरेसा कडक आहे, आणि सीसीटीव्ही जिन्यापाशी असतो, खोलीत नसतो. घोडं अडतं ते नोंदीपाशी.

तक्रार कशी मरते हे केबिनमधून दिसत नाही, कार्यालयाच्या खिडकीतून दिसतं. पहिल्या वर्षाचा मुलगा थेट प्राचार्यांकडे जात नाही. तो आधी वसतिगृहाच्या वॉचमनला सांगतो, मग मेसवाल्याला, मग कधीतरी धीर करून रेक्टरांना. रेक्टर म्हणजे बहुतेक ठिकाणी दिवसभर शिकवून दमलेले प्राध्यापक, वसतिगृह ही त्यांच्या गळ्यात पडलेली जादा जबाबदारी. ते म्हणतात, ‘बघतो मी.’ मग त्या सीनियर मुलांना बोलावतात आणि तक्रार करणाऱ्याला शेजारी उभं करून विचारतात, ‘काय रे, हा काय म्हणतोय?’ झालं. नाव फुटलं. त्या रात्री खोलीत काय होतं ते कुठल्याच कागदावर येत नाही. मुलगा पुन्हा येतो, आता कार्यालयात. खिडकीसमोर परीक्षा अर्जांची रांग असते. तो हळूच विचारतो, ‘सर, तक्रार कुठे द्यायची?’ आतला माणूस मान वर न करता मोठ्यानं विचारतो, ‘कसली तक्रार?’ रांगेतली दहा डोकी वळतात. मुलगा म्हणतो, ‘नंतर येतो.’

जो नंतर खरंच येतो, त्याचा अर्जही टपालात घेतला जात नाही. ‘आधी सरांना दाखव.’ ‘मॅडमना भेटलास का?’ मॅडम चांगल्या असतात. बसायला खुर्ची देतात, पाणी देतात आणि समजावतात, ‘बाळा, लेखी दिलंस की पोलीस येणार. त्या मुलांचं करिअर संपेल. तुलाही इथंच चार वर्षं काढायची आहेत. आपण आपसात मिटवू.’ मग वडिलांना फोन. वडील रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून येतात, सीएसएमटीला उतरून हातातल्या पिशवीसकट थेट कॉलेज गाठतात, दुपारपर्यंत केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसतात आणि शेवटी सही करून जातात: ‘आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही.’ या कागदाला मात्र तत्काळ आवक क्रमांक पडतो. शिक्का, तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी. अशाच एका वडिलांनी पेन हातात धरून विचारलेलं मला आठवतं, ‘साहेब, तक्रार तुम्ही घेतलीच नाही, मग मागे काय घेतली म्हणून लिहू?’ कुणीच काही बोललं नाही. मुलगा त्या सत्रात वसतिगृह सोडून बदलापूरला मावशीकडे राहायला गेला. पहाटेची लोकल पकडायचा. ज्यांच्याबद्दल तो बोलत होता ती मुलं त्याच मजल्यावर राहून पास होऊन गेली. विद्यापीठाला गेलेला अहवाल: निरंक.

आता कायद्याचं बघू. तुमच्यापैकी अनेकांच्या केबिनमध्ये त्याचा फलक आहे, पण फलकावर शिक्षा ठळक असते आणि तुमचं कर्तव्य बारीक अक्षरात असतं.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधाचा कायदा १९९९ चा. त्यातली व्याख्या मला फार आवडते, कारण ती पळवाट ठेवत नाही. शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज, ओशाळवाणेपणा यांपैकी काहीही होईल असं वागणं म्हणजे रॅगिंग. विद्यार्थी एरवी आपणहून जे करणार नाही ते त्याला करायला लावणं म्हणजेही रॅगिंग. ‘फक्त गाणं म्हणायला सांगितलं’ हा बचाव तिथंच संपतो. संस्थेच्या आत घडो वा बाहेर, मनाई दोन्हीकडे आहे, म्हणजे ‘ते आमच्या गेटबाहेर झालं’ हेही चालत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. शिवाय महाविद्यालयातून काढून टाकायचं आणि त्या आदेशापासून पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश द्यायचा नाही. कलम ६ थेट तुमच्यासाठी आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणी लेखी तक्रार केली की सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि कलम ७: तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं हे केलं नाही, तर त्यानंच रॅगिंगला चिथावणी दिली असं धरायचं आणि शिक्षा तीच.

‘लेखी’ या एका अटीवर आख्खा डोलारा उभा आहे. कागद आला नाही तर सात दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही, आणि घड्याळ सुरू झालं नाही तर कलम ७ची टांगती तलवारही नाही. प्राचार्यांना जागं ठेवण्यासाठी घातलेल्या कलमानं त्यांना कागदापासून लांब राहायला शिकवलं, असं माझं मत झालं आहे. तक्रार लेखी होऊ द्यायची नाही ही कुणाची दुष्ट योजना नसते. ती कार्यालयाची सवय होते. शिपायापासून उपप्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला न सांगता कळतं की असा कागद साहेबांच्या टेबलावर गेलेला साहेबांना आवडणार नाही.

पण तुमच्यावर बंधनकारक असलेला दुसराही नियम आहे आणि तो कागदाची वाट बघत नाही. आयोगाच्या २००९ च्या विनियमांत ‘माहिती’ पुरेशी धरली आहे. रॅगिंगच्या प्रकाराची कुठलीही माहिती मिळाली की संस्थाप्रमुखानं फौजदारी गुन्हा होतो का ते ताबडतोब ठरवायचं आणि होत असेल तर चोवीस तासांच्या आत एफआयआर दाखल करायचा. वॉचमननं सांगितलं तरी ती माहिती. मावशीनं फोन केला तरी माहिती. म्हणून ‘आमच्याकडे लेखी काही आलंच नाही’ हे वाक्य पत्रकारांसमोर बोलायला सोपं असलं तरी नियमात बसत नाही. हे विनियम सहज आलेले नाहीत. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात कांगड्याजवळच्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनियर मुलांच्या मारहाणीनंतर गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून रॅगिंगवर नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल त्याआधी दोन वर्षं, २००७ पासून, तयार होता. चार जणांना पुढे चार-चार वर्षांची शिक्षा झाली.

पोलीस खात्यात तक्रार घ्यायची, पण गुन्हा नोंदवायचा नाही, याला बर्किंग म्हणतात. हद्दीतला गुन्ह्यांचा आलेख खाली दिसावा म्हणून पूर्वी सर्रास चालायचं. २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, आधी खरंखोटं करत बसायचं नाही. तुमच्या कार्यालयात चालतं ते बर्किंगच आहे. फरक एवढाच, की पोलीस ठाण्यातून परत पाठवलेला माणूस निदान घरी जातो. वसतिगृहातला मुलगा जातो त्याच खोलीत.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. एक तक्रार बाहेर गेली की संध्याकाळी गेटवर वाहिनीची गाडी उभी राहते. दुसऱ्या दिवशी चार विद्यार्थी संघटना निवेदनं घेऊन येतात, त्यांतल्या दोघींचं एकमेकींशी वैर असतं. संस्थाचालकांचा फोन येतो. पुढच्या वर्षीचे प्रवेश, महाविद्यालयाला दर्जा देणारी नॅकची समिती, सगळं डोळ्यांसमोर येतं. आणि शेजारचं कॉलेज, जिथं याहून वाईट चालतं हे सगळ्यांना माहीत आहे, ते ‘रॅगिंगमुक्त परिसर’ असा बोर्ड लावून मिरवतं. नोंद करणारा बदनाम आणि दाबणारा आदर्श, अशी ही उलटी व्यवस्था आहे. ती तुम्ही एकट्यानं बदलणार नाही. म्हणून या पत्राची एक प्रत मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना, एक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि एक तंत्रशिक्षण संचालनालयाला पाठवतो आहे. त्यांना विनंती एवढीच, की वर्षभर निरंक पाठवणाऱ्या प्राचार्यांना शाबासकी देऊ नका, बोलावून घ्या आणि विचारा. निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली, पहिल्यांदाच घराबाहेर राहणारी शेकडो अठरा-एकोणीस वर्षांची मुलं एका इमारतीत कोंबली आहेत आणि वर्षभरात कुणी कुणाला साधी शिवीही दिली नाही, हे कसं घडलं ते आम्हालाही सांगा, म्हणावं.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांशी थोडं वेगळं बोलायला हवं.

२२ मे २०१९. नायर रुग्णालयाच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगावहून आलेल्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी वसतिगृहाच्या खोलीत जीवन संपवलं. तीन सीनियर डॉक्टरांवर आत्महत्येला प्रवृत्त करणं, अ‍ॅट्रॉसिटी आणि रॅगिंग प्रतिबंध या कायद्यांखाली गुन्हा दाखल झाला. त्यांचा दोष आहे की नाही ते न्यायालय ठरवेल, मी ठरवणार नाही. पण एक गोष्ट कुटुंब पहिल्या दिवसापासून सांगत आलं आहे: जातीवरून हिणवलं जातं, त्रास दिला जातो, हे आम्ही आधीच वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. कानावर. आवक नोंदवहीत नाही. पायलच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात २०१६ मध्ये जीवन संपवलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून त्याच वर्षी शिक्षणसंस्थांतला जातिभेद रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दोन आयांनी दिल्ली गाठून महाविद्यालयांना जे सांगायचा प्रयत्न केला, ते खरं तर महाविद्यालयातल्याच एका टेबलावर ऐकलं जायला हवं होतं.

जातीचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. २०१६ मध्ये आयोगानं रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती करून जात, वंश, रंग, धर्म, प्रदेश, भाषा, जन्मस्थान यांवरून होणारा छळही त्यात घातला. मुंबईत याचा अर्थ रोजचा आहे. ‘कोट्यातून आलेली’ हा शेरा, मराठवाड्यातल्या मुलाच्या बोलीची नक्कल, ‘किती मार्कांना लागलास रे’ हा पहिल्याच दिवशीचा प्रश्न. इंट्रोच्या नावाखाली आडनाव विचारतात ते ओळख व्हावी म्हणून नव्हे, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही.

निवासी डॉक्टरांमध्ये रॅगिंग दाढीमिशीचं, गाण्यानाचाचं नसतं. ते ड्यूटीच्या तक्त्यात असतं. जेआर वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, सलग छत्तीस तास उभं ठेवायचं, जेवायला सोडायचं नाही, शस्त्रक्रियेत हात लावू द्यायचा नाही, रक्ताचे नमुने घेऊन पळायला लावायचं, रुग्णांच्या नातेवाइकांसमोर अक्कल काढायची, ग्रुपवर सगळ्यांदेखत उद्धार करायचा. विचारलं तर म्हणतात, आम्हीही असंच शिकलो. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्यूटी साधारण बारा तासांच्या वर जाऊ नये असं म्हटलेलं आहे. परळ, सायन, भायखळा, मुंबई सेंट्रल, जुहू, कुठल्याही वॉर्डात मध्यरात्री जाऊन हे वाचून दाखवा, लोक हसतील. कामाचा डोंगर खरा आहे, रुग्णांची गर्दी खरी आहे, ती कुणा सीनियरनं आणलेली नाही. पण डोंगर कुणाच्या डोक्यावर किती ठेवायचा हे सीनियर ठरवतो, आणि छळ तिथंच लपतो. आयोगाच्या व्याख्येत एक वाक्य आहे ते अधिष्ठात्यांनी पुन्हा वाचावं: एखाद्याला किंवा गटाला नेमून दिलेलं शैक्षणिक काम नवख्या ‘किंवा अन्य कुठल्याही’ विद्यार्थ्याकडून करवून घेणं हेही रॅगिंग आहे. नियम केवळ पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यापुरता नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२१ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांसाठी रॅगिंगविरोधी वेगळे विनियमच काढले. कागद भरपूर आहेत.

आणि असा छळ सोसणारी निवासी डॉक्टर तक्रार करणार कुणाकडे? विभागप्रमुखांकडे. तिच्या लॉगबुकवर सही त्यांची, प्रबंध त्यांच्याच विभागातल्या मार्गदर्शकाकडे, परीक्षेला तेच. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं ते सीनियर त्यांचे उजवे हात, ऑपरेशन थिएटर त्यांच्यावर चालतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार याहून वेगळा नसतो. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांत तरी तक्रार विभागाच्या बाहेर स्वीकारली पाहिजे, अधिष्ठात्यांच्या कार्यालयात, आणि क्रमांक पडल्याबरोबर तिचं लॉगबुक, रजा आणि अंतर्गत मूल्यमापन दुसऱ्या युनिटच्या प्राध्यापकांकडे गेलं पाहिजे. चौकशीत काय निघेल ते निघेल, तोवर तिचं वर्ष ओलीस राहता कामा नये.

वसतिगृहांबद्दल बाहेरगावच्या वाचकांना कदाचित पटणार नाही, पण मुंबईत खोली ही शिक्षणाहून मोठी गोष्ट आहे. माटुंग्याला, चर्चगेटला किंवा कलिन्याला मिळालेली खाट गेली, की पेइंग गेस्टचं भाडं भरणं शेतकऱ्याच्या मुलाला शक्य नसतं. त्रास सोसायचा की मुंबई सोडायची, असा हिशेब त्याला करावा लागतो आणि सीनियरना तो पक्का माहीत असतो. तरीही तक्रार आली की तुमचा पहिला उपाय काय? ‘तुझी रूम बदलून देतो.’ हलवायचं कुणाला? ज्यानं तक्रार केली त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. चौकशी संपेपर्यंत ज्यांच्यावर आरोप आहे त्यांनी दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या इमारतीत किंवा घरी जावं. पहिल्या वर्षाला शक्य तिथं वेगळा भाग द्यावा असं विनियमही सांगतात. जागा नाही हे मला माहीत आहे, मुंबईत कुणाकडेच नाही. पण एक मजला वेगळा ठेवून जिन्यावर रात्री माणूस बसवायला नवी इमारत लागत नाही.

लोकलनं येऊन-जाऊन शिकणाऱ्यांच्या महाविद्यालयांत प्रकार सौम्य असतो. जर्नल लिहून दे, ड्रॉइंगची शीट काढून दे, कँटीनमध्ये सगळ्यांचं बिल भर. फेस्टिव्हलच्या दिवसांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मध्यरात्रीपर्यंत राबवतात आणि शेवटची गाडी चुकली की हसतात. जबरदस्तीनं खर्च करायला लावणं हेही व्याख्येत आहे एवढं सांगून पुढे जातो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं तसंच. ज्युनियरना ग्रुपात ओढून धमकावणं हेही रॅगिंग धरलं जाईल असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये कळवलं आहे. पुरावा तिथं आपोआप तयार होतो, त्यामुळे उलट सोपं आहे.

शिक्षेबद्दल माझं मत अनेकांना मवाळ वाटेल. मला प्रत्येक सीनियर तुरुंगात गेलेला नको आहे. ज्यानं मारलं, नग्न केलं, जातीवरून छळलं, उपाशी ठेवलं, त्याच्यासाठी पोलीस ठाणं आहे आणि तिथं तडजोड नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत पाटणजवळच्या धारपूर वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा एक मुलगा सीनियरनी तासन्‌तास उभं ठेवल्यावर कोसळला आणि गेला. ‘नुसतं उभं तर केलं होतं’ असं कुणाच्या तोंडून आता ऐकवत नाही. पण रॅगिंगची सुरुवात तिथून होत नाही. ती ‘मान खाली घालून चाल’, ‘शर्टाचं तिसरं बटण बघ’ इथून होते, आणि या पायरीवर तुम्ही काहीच करत नाही, कारण तुमच्या डोक्यात दोनच पर्याय असतात: पोलीस किंवा समज. विनियमांत मधल्या पायऱ्या भरपूर आहेत. काही काळ वर्गात बंदी, शिष्यवृत्ती रोखणं, वसतिगृहातून काढणं, परीक्षेला बसू न देणं, निकाल राखून ठेवणं, एक ते चार सत्रं निलंबन. कुणी केलं ते कळत नसेल तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे, ती मात्र मला स्वतःला पटत नाही, तिनं निर्दोष मुलंही छळणाऱ्याच्या बाजूला जातात. छोट्या गुन्ह्याला त्याच आठवड्यात छोटी शिक्षा झाली, पंधरा दिवस वसतिगृहाबाहेर राहावं लागलं, तर त्याचा वचक दोन वर्षांनी लागणाऱ्या निकालापेक्षा जास्त बसतो. मुलांना दंडाचा आकडा पाठ नसतो. मागच्या वर्षी कुणाला काय झालं, एवढंच पाठ असतं.

आणि करिअर. समितीच्या प्रत्येक बैठकीत हा शब्द यायचा आणि दर वेळी तो आरोपीच्याच वाट्याला यायचा. बदलापूरहून पहाटे निघणाऱ्या मुलाला करिअर नव्हतं का, हा प्रश्न इतिवृत्तात कधी आला नाही. इतिवृत्त मीच लिहायचो, म्हणून सांगतो.

खोट्या तक्रारींची भीती तुम्ही घालाल. येतील काही. भांडणं, निवडणुकांचे सूड, खोलीवरचे वाद. पण आवक क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. नोंद झाली म्हणजे कुणी दोषी ठरला असं नाही. तथ्य नसेल तर कारणांसह लेखी कळवा, कायद्यातच तशी सोय आहे. उलट नोंद आणि चौकशीचा कागद असला, तर खोट्या आरोपात अडकलेल्या मुलालाही दाखवायला काही उरतं. तोंडी मिटवलेल्या प्रकरणात त्याच्यावरचा डागही तसाच राहतो.

दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून हमीपत्र घेता, ‘मी रॅगिंग करणार नाही, माझा पाल्य करणार नाही.’ पूर्वी कोर्टाबाहेर नोटरीकडे रांग लागायची, आता ऑनलाइन होतं. फाइल जाड होते, बाकी काही नाही. त्याच विनियमांतली खरी उपयोगाची तरतूद मात्र मी अमलात येताना पाहिली नाही: पहिले तीन महिने दर पंधरवड्याला पहिल्या वर्षाच्या मुलांचं निनावी सर्वेक्षण. नाव नाही, रोल नंबर नाही, चार प्रश्नांची चिठ्ठी आणि पेटी. तीत काय निघतं ते समितीवरच्या बाहेरच्या माणसांसमोर उघडा. समितीत पोलिसांचा, पालकांचा, स्वयंसेवी संस्थेचा, स्थानिक पत्रकारांचा प्रतिनिधी असावा असं लिहिलेलं आहे ते चहासाठी नाही. १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक मुख्य फाटकावरच्या फलकावर असतो, जिथं उभं राहून कुणी फोन करणार नाही. वसतिगृहाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

नोंदवहीचं म्हणाल तर खर्च शून्य आहे. वेगळी नोंदवही ठेवा, कुलूप लावा, चावी मुख्य लिपिकाकडे आणि प्राचार्यांकडे. रकाने असे आखा: आवक क्रमांक, तारीख आणि वेळ, तक्रार कुणी आणली (विद्यार्थी, पालक की आणखी कुणी, एवढंच), लेखी की तोंडी, तोंडी असेल तर ती लिहून घेणाऱ्याची सही, संस्थाप्रमुखांनी पाहिल्याची वेळ, पोलिसांकडे पाठवली का आणि किती वाजता, सातव्या दिवशी काय झालं, तक्रारदाराला काय कळवलं. तक्रारदाराचं नाव या वहीत नको, ते बंद पाकिटात. तोंडी सांगायला आलेल्याला ‘लिहून आण’ म्हणून परत पाठवायचं नाही, कार्यालयातल्या माणसानं लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. लिहून घ्यायचं काम खिडकीवर नाही, आतल्या खोलीत. आणि दर महिन्याच्या शेवटी नावांशिवाय फक्त आकडे सूचनाफलकावर: इतक्या आल्या, इतक्यांत तथ्य आढळलं, इतक्यांना अमुक शिक्षा.

यंदाच्या रॅगिंग प्रतिबंध समितीच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा. सही-शिक्क्याच्या अधिकाराचा प्रश्न कुणी काढलाच, तर प्राचार्यांच्या एका ओळीच्या कार्यालयीन आदेशानं तो सुटतो. आदेशाचा मसुदा आणि रकाने आखलेला नमुना ज्या कार्यालयाला हवा असेल, तिथं मी येऊन बसायला तयार आहे. दुपारी तीननंतर, म्हणजे खिडकी बंद झाल्यावर, आलेलं बरं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक, मुंबई